बी-श्यानं पारखून घेतलेला पंप

तैवानातल्या लुकांग गावी, समुद्रदेवी माझूआईच्या देवळामागच्या गल्लीत को बी-श्या कांद्याच्या पातीच्या पोळ्या विकते. तिच्या गाडीसमोर रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकेक टोमणा फुकट मिळतो. यंदा गल्लीतल्या बायकांनी सायकलवरून अख्ख्या बेटाला फेरी घालायचं ठरवलं. तैवानात जन्माला आलेला प्रत्येक जण ही फेरी एकदा तरी करणार असतो. बहुतेकांचं म्हणण्यावरच भागतं.

या फेरीत मागून मदतीची एक गाडी चालते. तिला म्हणायचं दाईगाडी. दमलेल्याला, पंक्चर झालेल्याला ती लेकरासारखी पोटात घेते. पण गल्लीच्या बायकांचा नियम कडक होता: जिचं बूड एकदा दाईगाडीच्या सीटला टेकलं, तिची फेरी मोडली. मग घरी येऊन फोटो दाखवायचे नाहीत.

दाईगाडी चालवणार होता बी-श्याचा नवरा चिन-फा, स्वतःची भाजीची व्हॅन घेऊन, मागे बायकांना खायला केळी भरून. निघायच्या आठवडाभर आधीच त्यानं शेजारच्या सीटवर फुलाफुलांची उशी ठेवली.

"ही कुणासाठी?" बी-श्यानं विचारलं.

"येईल कुणीतरी. साठीची, जाडसर, पोळ्या विकणारी."

बी-श्यानं सायकलचं पुढचं चाक काढलं, बगलेत मारलं आणि तडक लो नावाच्या माणसाच्या सायकलच्या दुकानात गेली. स्थळ बघायला निघालेल्या आईनं मुलीला बरोबर न्यावं, तशी.

लोनं सगळ्यात देखणा पंप काढला. "ताई, हा घ्या. खिशात मावतो. वजन म्हणाल तर केळ्याएवढं."

बी-श्यानं चाकातली सगळी हवा सोडली आणि केळं चालवायला घेतलं. एक हात पंपावर, दुसरा चाकावर, दोन्ही अधांतरी. चाक जरासं फुगलं तोवर तिचे दंड भरून आले.

"लो, तू कणीक हवेत मळतोस का रे?"

"मी कणीकच मळत नाही, ताई."

"तरीच."

पुन्हा हवा सोडली, दुसरा पंप. तो बरा होता, पण त्याचं तोंड चाकाच्या बारीक नळीवर घट्ट बसेना; जेवढी भरावी त्याच्या निम्मी बाहेर. तिसऱ्याच्या वेळी लो काकुळतीला आला, "ताई, संध्याकाळी दुकान बंद करतो मी."

शेवटी वरच्या फळीवरून एक उतरला. हातभर लांब, काळा, बेढब. पण त्याला लवचीक नळी होती आणि खाली पाय द्यायला उलगडणारा पायठा. बी-श्यानं तो जमिनीवर उभा केला, पायठ्यावर पाय दिला आणि वरून वाकून तळहाताच्या मुळाशी सगळं अंग टाकलं. रोज पहाटे परातीवर टाकते तसंच. चाक दगडासारखं झालं.

"हाच."

"जड आहे हो."

"मी काय हलकी आहे?"

घरी चिन-फा सुपारी चघळत म्हणाला, "पंप आणलास की मुसळ? अगं, प्रत्येक पोलीस चौकीत सायकलवाल्यांसाठी पंप असतो."

"टायर काय चौकी बघून फुटतं?"

निघायच्या सकाळी बायकांनी हँडलला बांधायचे ताईत माझूआईच्या धुपाटण्यावरून फिरवून घेतले. बी-श्यानं पंपही फिरवला. चिन-फा इतका हसला की पुजाऱ्यानं त्याला बाहेर उभं केलं.

दक्षिणेत, शौ-खाच्या घाटात, समोरून वारा असा येत होता की चढावर सायकल जागच्या जागी नाचावी. बाकीच्या बायका पुढे गेलेल्या. तिथंच बी-श्याचं पुढचं चाक बसलं. अर्थात आसपास चौकी नव्हती.

व्हॅन येऊन थांबली. चिन-फानं आतूनच दार उघडलं आणि उशी थोपटली.

"दार लाव. वारा आत जातोय," बी-श्या म्हणाली.

तिनं ट्यूब काढली, ठिगळ लावलं, पंप रोवला, हवा भरली आणि ऐटीत निघाली. दोन वळणं गेली नाहीत तोच पुन्हा फुस्स. व्हॅन पुन्हा शेजारी. या वेळी चिन-फा हसत नव्हता.

"बस आता, बी-श्या. कुणाला नाही सांगणार मी."

"तू? तू तर देवळापासून बंदरापर्यंत सांगशील."

मग तिला स्वतःचाच राग आला. घाईघाईत टायर आतून चाचपलंच नव्हतं. कणकेतला खडा काढायचा सोडून पोळीच पुन्हा लाटली होती. तिनं अंगठा हळूहळू आतून फिरवला. मिशीच्या केसाएवढी तार टोचली. ती उपटून तिनं नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. मग दुसरं ठिगळ, आणि पुन्हा ते मुसळ. इथं हातांचं काम नव्हतंच. अंग टाकायचं होतं आणि अंग तिच्याकडे भरपूर होतं. चाक दगडासारखं झालं.

माथ्यावर बायका फोटोसाठी तिची वाट बघत होत्या. व्हॅन आधी पोचली होती आणि चिन-फा ती तार सगळ्यांपुढे नाचवत होता. "दोनदा! दोनदा बसलं चाक! पण पंप बघितलात? अहो, आम्ही पारखून घेतलाय."

"आम्ही?" मागून बी-श्याचा आवाज आला.

चिन-फानं तार खिशात घातली. कागदात बांधून ठेवायची म्हणाला, घरी दाखवायला. मग पंपाकडे हात केला. "दे, गाडीत ठेवतो. पुढं उतारच आहे."

"पंप माझ्यापाशी राहील," बी-श्या म्हणाली आणि तिनं तो सायकलच्या दांडीला करकचून बांधला. "त्या उशीवर केळी ठेव. दबताहेत बिचारी मागे."