बरोबर उत्तराची थप्पड

आमची एस.टी. वेशीबाहेर पडली तेव्हा पहिला दगड मागच्या काचेवर आला. दुसरा टपावर. वडील पोरांना अडवायला रस्त्यात मेंढरं वळायची काठी आडवी धरून उभे होते. "मागं बघू नगं, डोळा जाईल!" एवढंच ते ओरडले. मी बघितलं. दगड मारणारे माझेच जुने विद्यार्थी होते. सात चोक विचारलं की ज्यांना घाम फुटायचा, ते त्या दिवशी एकदम तरबेज झाले होते.

माझ्या जन्मगावच्या त्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. मी स्वतः कुणाला मारत नसे, याचा मला भारी अभिमान. ओळीनं प्रश्न विचारायचा. ज्याला उत्तर येईल त्यानं न आलेल्या सगळ्यांच्या थोबाडीत एकेक द्यायची. लहानपणी मीही अशाच खाल्ल्या होत्या. माझा हात दुखत नसे, आणि तपासणीचे साहेब 'वर्गाला शिस्त आहे' असा शेरा लिहून, चहा पिऊन जात.

सातवीत बौद्धवाड्यातली कौसल्या होती. उत्तर बहुतेक तिलाच येई. मोठ्या घरची पाच-सहा पोरं रोज तिच्यापुढं गाल करून उभी राहत. "हळू मार गं," मी हसत म्हणायचो. एकाचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या पोराला दुसऱ्या कुणाच्या हातनं मारा." मी ऐटीत सांगितलं, "मग त्याला पाढे पाठ करायला लावा." हा किस्सा मी चार ठिकाणी रंगवून सांगितला. आपण गावातली जात पुसली, असं मला खरंच वाटायचं. शुद्ध मूर्खपणा होता तो.

पुढं काही वर्षांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमचं गाव भर दुपारी पेटलं. मी शाळेतून धावत गेलो तोवर बौद्धवाड्यातली छपरं कोसळली होती आणि दाव्याला बांधलेल्या शेळ्या जागेवर जळत होत्या. कौसल्याच्या बापाचं डोकं फुटलं होतं. ती तेव्हा तालुक्याला कॉलेजात जायची, पण त्या दिवशी नेमकी घरी होती. चौघांनी तिला अंगणात दाबून धरलं होतं आणि पाचवा विचारत होता, "मारायचा हात कंचा गं तुझा? वर्गात लई चालायचा!"

मला बघून तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगा."

मी त्याच्या अंगावर धावलो. पोटात लाथ बसली, मी पडलो. मग त्यांनी तिचे दोन्ही हात मोडले.

पाचही नावं मी पोलिसांना दिली. पोरं दुसऱ्या दिवशी सुटून आली, खटला उभाच राहिला नाही. आमच्या मेंढरांना शिवारात पाय ठेवायची बंदी झाली. तुम्हा गावकऱ्यांतले जे गावातच राहिलात त्यांनी हे पाहिलंय, आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना निराळं सांगायला नको.

औरंगाबादला मुकुंदवाडीत खोली घेतली, तिथंच एका शाळेत लागलो. नव्या नव्या कंपन्या उघडत होत्या. पोरांचे बाप शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच चौकशीला येत. एक फिटर म्हणाला, "सर, तुम मारते कायकू नै? बच्चे बिगड जाते ना!" मी मारत नव्हतो, कुणाला मारायलाही लावत नव्हतो. वर्ग माझ्या डोक्यावर चढून बसला आणि हेडमास्तर दारातून डोळे वटारून जात.

कौसल्याही याच शहरात आली होती. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, दोन गल्ल्या पलीकडं राहायची. पंधरा वर्षं मी ती गल्ली टाळली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवशी तिथं पेढे वाटत होते, तेव्हा धीर करून गेलो. तिनं पाणी दिलं. तिची बोटं पेल्याभोवती पुरती मिटत नव्हती.

"तुझे हात माझ्यामुळं गेले," मी म्हणालो. "माझीच चूक. तुला मारायला मी लावलं."

तिनं दोन्ही हातांनी पेला परत घेतला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणायचे, हळू मार. म्या एकदाबी हळू मारलं नाय, गुरुजी. त्या गावात आमाला पाणीसुदिक वरून वाढायचे. तेवढा एक तास माझा होता. गाव म्हणलं की मला तेवढंच आठवतं. आता तेबी तुमची चूक म्हणून घिऊन जाता व्हय?"

आजही कुणी गाव विचारलं की मी मुकुंदवाडी सांगतो. ते गाव तिचं आहे. मी तिथं नुसता जन्मलो.