जळक्या वायरचा वास

जळक्या वायरचा वास आला की लोणी देवकरची आमची पत्र्याची खोली आठवते. उन्हाळा होता, तान्ह्या लेकीच्या अंगभर घामोळं. टेबलफॅनचं वाइंडिंग जळत आलंय, नवाच घ्या, असं इंदापूरचा मेकॅनिक म्हणाला होता. पण सासऱ्यांनी नुसता कंडेन्सर बदलून घेतला. “चालंल अजून, टाकायचा कशाला?” लेकीजवळ तो लावला की मी सारखी मोटरला हात लावून तापलीय का बघायचे. एका दुपारी भाकरी थापताना तो वास आला. धावले, तर पंख्यातून धूर निघत होता आणि लेक शेजारीच झोपलेली. पिठाच्या हातानंच पिन उपसली. सासऱ्यांनी पक्कड आणून पंख्याची वायरच कापली. “परत कुणी लावाय नगं,” म्हणाले. आता लेक नव्या पंख्यासमोर तोंड धरून गाते, आणि मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसते.