एका स्क्रीनवर मावलेलं शेत

साहेब लोकांना साधेपणाचं वेड लागलं की इतरांची धडगत नसते. मीही त्यांच्यातलाच. तुंगार्लीच्या एका भाड्याच्या बंगल्यात बसून आम्ही पाच जण शेतकऱ्यांसाठी ॲप रचत होतो. पिकाची नासाडी झाली की नोंद करायची, पुढचं विमा कंपनी बघणार. चौघांनी भाताच्या खाचरात कधी पाय घातला नव्हता. मी घातला होता, म्हणून माझी लाज जास्त.

सातबाऱ्यावर अकरा नावं असली तरी शेत कसलं जातं घरातल्या तोंडी वाटपाने, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यासाठी मी एक जादा पायरी ठेवली होती: कोणता तुकडा, कोण कसतं. दिसायला ओबडधोबड होती. आमच्या प्रमुखांनी कॉफीचा घोट घेत ती उडवली. म्हणाले, ‘‘एक गट नंबर, एक नाव, एक बटण. युजरला विचार करायला लावू नका.’’ सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मीसुद्धा. मग सातबाऱ्यावरचं पहिलं नाव आपोआप यायला लागलं, आणि त्या गुळगुळीत स्क्रीनवर आम्ही स्वतःच खूश झालो.

कापणीच्या तोंडावर पाऊस झाला. कार्ल्याची माझी मावशी नवऱ्यामागे एकटीनं खालचं खाचर कसते. तिचा भात आडवा झाला. तिच्या फोनवर मीच मोठ्या रुबाबात बटण दाबलं. नाव आलं तिच्या थोरल्या दिराचं. ओटीपीही त्याच्याच फोनवर जाणार होता. नवरा गेल्यावर ह्याच दिरानं तिला घराबाहेर काढलं होतं. तेव्हापासून ती त्याच्या दारात गेली नव्हती.

‘‘दुसरं बटन न्हाई का कुटं?’’

‘‘नाही, मावशी.’’

‘‘म्हंजी कोन कसतं, येवढं इचारायचं तुमास्नी जड झालं. आन त्येच्या दारात मी जायाचं.’’

मी फोन तिच्या हातात दिला. कपाळ माझं.

ती दिराच्या दारात गेली. मी मागे उभा होतो. दीर ओसरीवर बसला होता. तिनं चपला काढल्या, पदर सावरला आणि खालीच उभी राहिली. त्यानं चष्मा मागवला, ओटीपी पाहिला, फोन मांडीवर पालथा ठेवला.

‘‘शेत कुनाचं?’’

मावशीनं त्या पालथ्या फोनकडे पाहिलं.

‘‘तुमचं, भावजी.’’

मग त्यानं फोन उचलून एकेक आकडा सावकाश वाचला, आणि तिनं तो दाबला.