आटवलेला हिरवा चहा

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या वडिलांना चार गोष्टी बंद सांगितल्या: मीठ, तंबाखू, जिने आणि चहा. पहिल्या तिन्हींना आण्णा नुसते मान हलवत गेले. चौथी ऐकून त्यांनी मान वर केली.

"चहा बंद म्हंजे? घरात माणसं येणार की हो, डॉक्टरसाहेब."

"माणसांना येऊ द्या. त्यांना चहा द्या. तुम्ही घ्यायचा नाही."

"आन् मी काय त्यांच्या तोंडाकडं बघत बसू?"

डॉक्टरांना हा हट्ट वाटला. मला माहीत होतं, ही अडचण आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूर अजून मिलच्या भोंग्यावर उठत होतं. आण्णा मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात तीस वर्षं काढलेले. आम्ही मूळचे मंद्रूपकडचे, राहायला भवानी पेठेत, दोन खोल्यांत. त्या साली आण्णांना खात्यातच छातीत कळ आली आणि तीन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले. आले म्हटल्यावर समाचाराला माणसं येणारच. आणि आमच्याकडची रीत अशी, की घरधन्यानं कप उचलल्याशिवाय पाहुणा कपाला हात लावत नाही. मग घरधन्याचं काळीज फाटलेलं का असेना.

"तुमी घेतल्याबिगर आमी न्हाय घेत, आण्णा."

"मला बंद केलाय रं."

"मग आमाला बी नगं. ऱ्हाऊ द्या वैनी."

मग आण्णा म्हणायचे, "आण गं, घोटभर." दिवसाला अशी दहा माणसं आली की दहा घोट होत, आणि आण्णांचा घोट म्हणजे अर्धा कप.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. घरात शिकलेला एकटा, त्यामुळे आण्णांचं हृदय आपोआप माझ्या खात्यात जमा झालं. डॉक्टरांनी मला मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं आणि बजावलं, "नव्वदच्या वर जाऊन तिथंच राहिली तर जिभेखाली गोळी द्या आणि तडक इकडे या. पुन्हा झटका आला तर मी हमी देत नाही." त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप गेली. मी सकाळी मोजायचो, शाळेतून आल्यावर मोजायचो, जेवताना मध्येच मोजायचो. आण्णा डाव्या हातानं जेवत नसल्यामुळे तो हात बहुतेक माझ्याकडेच असायचा.

अशात मामा आला. आईचा धाकटा भाऊ, मालवाहू बोटीवर इंजिनाचं तेलपाणी बघायचा. सुट्टीवर मोडनिंबला घरी जायच्या आधी आमच्याकडे उतरला. पिशवीतून त्यानं एक पत्र्याचा डबा काढला आणि आण्णांच्या मांडीवर ठेवला.

"दाजी, हा जपानातला हिरवा चहा. काळजाला लई चांगला. तितली माणसं ऐंशी वर्षांची व्हऊन डोंगर चढत्यात. वर जाऊन काय करत्यात? हाच पित्यात."

"आन् उतरतानी?" आण्णांनी विचारलं.

पण डबा त्यांनी खाली ठेवला नाही. चहा हा शब्द त्यांच्या कानावर बऱ्याच दिवसांनी प्रेमानं पडला होता.

वर काय लिहिलंय ते वाचायला डबा माझ्याकडे आला. सगळी अक्षरं जपानी. मी बराच वेळ गंभीरपणे बघत राहिलो.

"मास्तर," मामा म्हणाला, "डबा उलटा धरलाय. किटलीच्या चित्रावरनं तरी कळाय पाहिजे."

मी तो सुलटा केला. किटलीतून वाफ निघत होती. त्यावरून मी निकाल दिला: "उकळायचा."

"किती?" आईनं विचारलं.

मामा म्हणाला, "मी कुटं पिलोय, आक्का? आमचा सैपाकी भंडारी बोटीवर आपला दुधाचाच करायचा."

मग आईनंच ठरवलं. पान औषधी, म्हणजे काढा. आणि काढा म्हणजे तिच्या आईनं शिकवलेला एकच: आठ कप पाणी, मंद जाळ, आणि आटून एक कप उरला की उतरवायचं. अडुळशाचा तसा, सुंठीचा तसा, मग जपानचा निराळा का असेल? दूध नाही, साखर नाही. मी मान डोलावली. वर म्हणालो, "बरोबर आहे. पानातला सगळा गुण उतरला पाहिजे." त्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला द्रावण आटवलं की ते तीव्र कसं होतं हे प्रयोग करून दाखवलं होतं. खडूनं हात पांढरे होईपर्यंत.

पहिला काढा गडद तपकिरी झाला. आण्णांनी घोट घेतला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"लई कडू हाय."

"मग औषध हाय ते," आई समाधानानं म्हणाली.

सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ असा द्यायचा ठरला. पण समाचाराची अडचण त्यानं अशी काही सुटली की आम्ही सगळेच हुरळलो. पाहुण्याला दुधाचा चहा, आण्णांना त्यांचा काढा. कप दोघांच्या हातात, रीत सांभाळली, आणि चहा बंदचा बंद. आईनं पातेलं चुलीवरून उतरवणंच सोडलं.

मंद्रूपचे चुलते आले. आण्णांचे चुलत भाऊ, मनानं सोन्यासारखे, तोंडानं मात्र फार धोक्याचे. "हितं डावीकडंच दुखलं व्हय? आमच्या शेजाऱ्याला बी अगदी हितंच. परवा तेराव्याचं जेवून आलो त्याच्या." मग त्यांनी आण्णांच्या कपाकडे पाहिलं. "ह्ये काय पिताय?"

"काळजाचं औषध. जपानचं. बघा की चव."

चुलत्यांनी घोट घेतला आणि अंगणात जाऊन परत आले. "आण्णा," ते तोंड पुसत म्हणाले, "ह्ये पिऊन जगला तर तुमी शंभर वर्सं जगणार."

आणि खरंच, आण्णांना तरतरी आली. दुपारची झोप गेली. डोळे लकाकायला लागले. ते भराभरा बोलत, खोलीत येरझारा घालत, साचा कसा बांधायचा हे आईला समजावत. "गुण येतोय," आई देवाला हात जोडून म्हणायची. मी मात्र नाडी मोजत होतो. शहात्तरची चौऱ्याऐंशी झाली, मग अठ्ठ्याऐंशी, मग ब्याण्णव. मला घाम फुटला. पण माणूस घाबरला की अक्कल कुठल्या वाटेनं जाईल सांगता येत नाही. मला घड्याळाचा संशय आला. ते तपासायला मी स्वतःची नाडी मोजली. ती निघाली एकशे चार. मी तर धडधाकट माणूस. तेव्हा घड्याळच मागे पडतंय असा निष्कर्ष काढला आणि एक संध्याकाळ निवांत काढली. ती संध्याकाळ मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चार वाजता आण्णांनी कप खाली ठेवला आणि छातीवर पंजा दाबला. आवाज अगदी साधा होता.

"छातीत साचा चालू झाल्यागत होतंय. बंद होईना."

मी मनगट धरलं. ठोके इतके जलद की मोजता येईनात. गोळी जिभेखाली दिली. समोरून टांगा आणला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी टांगेवाल्याला "हळू" म्हणायचो आणि पुढच्याच श्वासाला "लवकर". शेवटी तो म्हणाला, "मास्तर, घोड्याला एकच काय ते सांगा की." आण्णा हसले. हसू नका म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो, आणि ते गप्प बसले, ते मला त्या कळीहून भयंकर वाटलं.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी बोटांतून सरकवत ते किती वेळ बघत होते कोण जाणे.

"नवीन झटका दिसत नाही," ते म्हणाले. "पण ठोके फार जलद आहेत. काय दिलं यांना? चहा?"

"देवाशपथ न्हाय," आई म्हणाली. "तुमी सांगितल्यापासनं घोट बी न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध होतं, आणि चुकू नये म्हणून डबासुद्धा तिनं पिशवीत घालून आणला होता. तो तिनंच टेबलावर ठेवला. "फकस्त ह्याचा काढा देतो. काळजासाठी."

डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, चिमूट तळव्यावर चोळली.

"हा चहाच आहे, आई. रंग हिरवा, वाळवायची रीत निराळी. झाड तेच. कसा करता?"

"आठ कपाचा एक."

"दिवसातून?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. "येणाऱ्या माणसागणिक," मी म्हणालो.

डॉक्टरांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "मास्तर, शाळेत विषय कोणता तुमचा?"

उत्तर त्यांना माहीत होतं. तरी ते मला मोठ्यानं द्यावं लागलं.

दोन दिवस आण्णांना तिथंच ठेवलं. नाडी नव्वदच्या आत आली, मग ऐंशीच्या. सोडताना डॉक्टर म्हणाले, "हे पान हृदयाला चांगलं असेलही, मला माहीत नाही. प्यायचाच असेल तर सकाळी एक कप. चिमूटभर पानांवर गरम पाणी ओता, दोन मिनिटं झाका, गाळा. उकळायचा नाही. आणि यांना जगवणार ती गोळी आणि विश्रांती. डब्यावर भिस्त ठेवू नका."

घरी आईनं तसा केला. फिकट पिवळं पाणी बघून आण्णा म्हणाले, "भांडी इसळल्यालं दिलं का काय?" पण प्याले. पाहुण्यांचं कोडं त्यांनी स्वतःच सोडवलं. समोर कप धरायचा, रिकामा. पाहुण्यानं उचलला की आपणही उचलायचा, तोंडाला लावायचा, "आहाहा" म्हणायचं आणि खाली ठेवायचा. मिलमध्ये साहेबासमोर काम करण्याचं सोंग कसं करतात हे तीस वर्षं पाहिलेला माणूस. कुणाला कधी संशय आला नाही.

मला यायचा. पाहुणा गेला की मी तो कप उचलून आत बघायचो. बरेच महिने तो कोरडा निघाला. एका दुपारी मंद्रूपचे चुलते येऊन गेले आणि कपाच्या तळाशी तपकिरी कडं दिसलं. दुधाचं, साखरेचं, अगदी ताजं.

मी कप हातात घेऊन उभा राहिलो. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आतल्या खोलीत आई नाही ना याची खात्री केली आणि डावा हात पुढे केला.

"मोज," ते म्हणाले.

मी खाली बसलो आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागलो.