टॉर्चच्या आधी थेंब

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे थेंबमावशी म्हणतात. बाहुली मोठी करायचे थेंब पेशंटच्या डोळ्यांत घालायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. घाबरट पेशंट आला की म्हणायची, "वर बघा, पंख्याची पाती मोजा." तिसरं पातं मोजून होईपर्यंत थेंब आत गेलेला असायचा. मी शेजारच्या खोलीत चष्म्याचे नंबर काढतो, त्यामुळे तिची बडबड मला दिवसभर फुकट ऐकायला मिळायची.

दवाखान्याचा क्रम ठरलेला आहे. आधी माझ्याकडे अक्षरं वाचायची, मग डॉक्टरबाईंचा टॉर्च, आणि थेंब सगळ्यांत शेवटी. एका डोळ्यावर उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. मग टॉर्च पटकन दुसऱ्या डोळ्यावर न्यायचा. बाहुल्या लहानच राहिल्या तर ठीक. उजेड असूनही त्या मोठ्या व्हायला लागल्या, तर त्या डोळ्याची नस निरोप नीट पोचवत नाही. माणूस थापा मारेल, बाहुली मारत नाही. पण थेंब गेला की ती तासन्‌तास हलत नाही, मग टॉर्च मारून उपयोग काय?

हे मावशीला झोपेतही ठाऊक होतं. चूक तिच्याच हातून झाली.

तिचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ओळ सरळ आली का बघताना ते एक डोळा मिटायचे. उजवा मिटला की लाल रंग विटका दिसतो, असं एकदा बोलून गेले, आणि मावशीने त्यांना धरून आणलं. काकांना धास्ती एकच, डोळा अधू आहे असं कळलं तर शिडीवरून कायमचं उतरवतील. माझ्यासमोर उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ त्यांनी डाव्याची पाळी आल्यावर पाठ म्हणून दाखवली. मला कळलं नाही. अक्षरं रंगवणारा माणूस, वाचणारच, म्हणून मी हसलोसुद्धा.

बाहेर गर्दी होती. घरच्या माणसाला ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून मावशीने त्यांना खुर्चीत बसवलं आणि लगेच थेंब घातले.

"मावशी, टॉर्चच्या आधीच थेंब?" डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण काकांसमोर धरलं. "दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतंय?"

"अगदी एकसारखं," काका म्हणाले.

मोठ्या झालेल्या बाहुलीतून बाईंनी आत पाहिलं, नस दिसायला ठीक होती. "तरी उद्या थेंब न घालता या. टॉर्च राहिलाय," बाईंनी बजावलं.

उद्या मोठ्या पाटीचं काम निघालं. परवा दुसरं. "मला काय धाड भरलीये?" असं म्हणत काकांनी अडीच महिने काढले. मावशी भांडली, रुसली, शेवटी थकली. मीही कधी शब्द टाकला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी आले तेव्हा मावशी नेहमीसारखी बाईंच्या मागे उभी होती. टॉर्च उजव्या डोळ्यावर पडला, बाहुल्या आकसल्या. डावीकडे गेला, आणि दोन्ही बाहुल्या हळूहळू मोठ्या होत गेल्या. हजारो पेशंटांत तिने हे पाहिलं होतं. बाई काही बोलायच्या आत ती स्टुलावर बसली.

नस पांढुरकी पडली होती. डोळ्यामागे एक गाठ तिला दाबत होती. गाठ साधीच निघाली, ऑपरेशनने काढलीही, पण त्या डोळ्याची नजर परतली नाही. "त्या दिवशी कळतं, तर बरीच वाचवता आली असती," बाई हळूच म्हणाल्या. मला बाईंचा राग आला, काकांचा आला, स्वतःचा तर आलाच. कोणावर काढणार?

आता मावशी प्रत्येक पेशंटला आधी विचारते, "टॉर्च झाला?" बडबड बंद झाली आहे.

परवा काका तिला न्यायला आले. खोलीत आम्ही तिघंच होतो. तिने तळव्याने त्यांचा उजवा डोळा झाकला आणि एक बाटली समोर धरली.

"अहो, टोपण कोणत्या रंगाचं?"

"लाल," काका लगेच म्हणाले. "चांगलं लालभडक दिसतंय. उगाच जिवाला लावून घेतेस."

टोपण पांढरं होतं.

"बरोबर," मावशी म्हणाली, आणि बाटली खिशात टाकली.