परत मागायचं नाही

कॉलेजच्या शिक्षणाला मदत कुठून कुठून मिळते, हे मला मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या हेडमास्तरांनी समजावून सांगितलं. भोर संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. दरबारची शिष्यवृत्ती होती, पण ती पहिल्या नंबराला, आणि पहिला नंबर दुसऱ्यानेच मारला होता. पुण्याच्या कॉलेजात नादारी मिळाली तर फी माफ व्हायची. पण फी माफ झाली म्हणून पोट थोडंच माफ होतं? जेवणाचे वार लावायचे, तर डोंगरातल्या कुणब्याच्या पोराला पुण्यात ओळखतं कोण! एक संस्था कर्जाऊ मदत द्यायची, तिला दोन खातेदार जामीन लागत. आमच्या हिर्डोशीत शेत म्हणजे उतारावरची नाचणी. ती बघून संस्थेनेच आम्हाला हात जोडले असते.

माझं तोंड उतरलेलं पाहून मास्तर म्हणाले, "भोरातच एक बाई आहेत. मामलेदारांच्या विधवा, तुमच्याच जातीच्या. मूलबाळ नाही. एका वेळी एका मुलाचा सगळा खर्च उचलतात. अट एकच. बापाने समोर येऊन शब्द द्यायचा, की पोराला मधेच परत मागणार नाही."

अटीला कारण होतं. आधीच्या मुलाला त्याच्या बापाने कॉलेजातून ओढून नेलं, लग्न लावलं आणि नांगराला जुंपलं. पण घरी मला त्या कारणापर्यंत वडिलांनी, म्हणजे आबांनी, पोचूच दिलं नाही. अट ऐकली आणि ते उठून गोठ्यात गेले. पुढे दोन-तीन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी म्हणाले, "उद्या जाऊ भोरला."

निघायच्या आधी आईने मला तेल लावून न्हाऊ घातलं. सण नाही, वार नाही, तरी पुरणपोळी केली. दृष्ट काढली, देवाच्या पाया पडायला नेलं. चुलती कोपऱ्यात डोळे पुसत होती. शिकायला निघालेल्या पोराचं कौतुक चाललंय असं मला वाटलं, आणि मी आणखी दोन पोळ्या हाणल्या.

भोरला पोचलो तेव्हा बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आबांनी उपरण्यातून नारळ काढून त्यांच्यापुढे ठेवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे सारलं.

"बाईसाहेब, ह्यो आजपासनं तुमचा. तुमच्या वटीत घातला. आमी परत मागाया येनार न्हाई. नाव बी तुमच्याच घरचं लावा. फकस्त शिकवा त्याला."

बाई दत्तक मागतायत असं समजून आबा मला देऊन टाकायला आले होते! मूलबाळ नाही, जात एकच, वर बापाचा शब्द हवा. त्यांना दुसरं काही सुचणार तरी कसं? फुकट कोणी कुणाचं पोर शिकवतं, हे आमच्या डोंगरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

बाईंच्या हातातले तांदूळ हातातच राहिले. मग सूप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "अहो पाहुणे, मुलगा तुमचाच आहे. नाव तुमचंच लावील, सुट्टीत घरी येईल. पदवी मिळेपर्यंत त्याला शेतावर नाहीतर बोहल्यावर ओढू नका, एवढंच माझं मागणं."

"आन तुमाला काय मिळनार?"

"काही नाही."

"म्हंजी नौकरी लागल्यावर फेडायचं?"

"नाही हो."

बाजारात बैलाचे दात तपासावेत तसा आबांनी तोच प्रश्न उलटसुलट करून विचारला. बाई शेवटी वैतागल्या. "फोडा तो नारळ," त्या म्हणाल्या, "आणि खोबरं खा!" आबांनी पागोटं काढलं आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांना देवाखेरीज कुणापुढे असं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

रात्री देवळात टेकलो आणि पहाटे परत निघालो. नीरेच्या काठी पाणी प्यायला बसलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "आबा, खरंच देऊन टाकणार होता मला?"

"व्हय," ते म्हणाले. "तू शिकनार हुतास न्हवं?"

एवढंच बोलून ते तोंडावर पाणी मारू लागले, किती तरी वेळ. पुढे कॉलेजात मोठमोठे विद्वान पाहिले, त्यांची भाषणं ऐकली. पण ज्याच्यापुढे आपण अगदी एवढेसे होतो असं माणूस मी आदल्या दिवशी ओसरीवर आणि त्या दिवशी नदीकाठी पाहिलं. पाहिलं ते पाहिलंच.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात शेणाची पाटी घेऊन उभी होती. आधी तिला आबा दिसले, मग त्यांच्या मागून येणारा मी. आता ती धावत येईल, मला पोटाशी धरील, असं मला वाटलं. तिच्या हातातून पाटी पडली. तोंडाला पदर लावून ती आबांवर ओरडली,

"घेतलं न्हाई व्हय त्यास्नी? आवं, मंग माजं पोरगं आता शिकनार कसं?"