बडवलेला क्युबिट

मी एकदा एका क्युबिटला मरेस्तोवर मारलं. वय पन्नाशीला टेकलेलं, अक्कल बालवाडीतली. आता नात गणितावर चिडून पेन्सिल मोडते, तेव्हा तिला कुठल्या तोंडानं ओरडू?

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं, नखाएवढ्या चिपवरचं, अतिसंवाहक धातूचं सर्किट. कडाक्याच्या थंडीत ठेवलं की त्यात दोन अवस्था धरून ठेवता येतात. पण आसपासचा गोंगाट, म्हणजे भरकटलेली ऊब, चुंबकत्वाचा हेलकावा, त्याला सारखा ढोसत राहतो आणि ते सगळं विसरतं. मी हुशारी केली. त्या दोन अवस्था गुंजवणी आणि कानंद खोऱ्यांसारख्या लांब ठेवल्या, मधे उंच डोंगर. गोंगाटानं हव्या तेवढ्या लाथा झाडाव्यात, पलीकडं जाणं नाही. या बाईसाहेबांच्या एवढंच ध्यानात आलं नाही, की अवस्था बदलायला आपण स्वतः पाठवतो त्या पल्सलाही, म्हणजे लहरींच्या ठोक्यालाही, तोच डोंगर चढून जायचं आहे. तोही पायथ्यालाच आपटायला लागला.

सोमवारी थंड करणारं यंत्र दुसऱ्या गटाला द्यायचं होतं. त्याआधी क्युबिट हलला नाही, तर माझं डिझाइन बाद. मी चवताळले.

"जोर वाढव," मी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला म्हटलं.

"मॅडम, आत तापतंय."

"तापू दे. हाण!"

प्रत्येक पल्सला मी टेबलावर मूठ आपटत होते. बोटांची सालटी निघाली, रक्त आलं, तरी माझं आपलं "हाण, आणखी हाण" चालूच. मग पडद्यावरची रेघ सपाट झाली. आतली केसासारखी तार जळून तुटली होती.

दुसऱ्या दिवशी विंझरला आईकडं गेले. ती अंगणात काठीनं नाचणीची कणसं बडवत होती. सगळं गेलं, हे सांगताना मी त्या चिपलाच शिव्या घालत होते. इतकी कसली पक्की, की माझंसुद्धा ऐकेना!

आईनं काठी खाली ठेवली. माझ्या सोललेल्या बोटांकडं बघत म्हणाली,

"बापावर गेलीस बघ. त्यो मारायचा तवा म्या बी अशीच गप ऱ्हायची. त्याला वाटायचं, बाई लई पक्की हाय. म्या आत निघून गेल्याली असायची, बाय. मग त्यानं ग्वाड बोलून हाका मारल्या, तरी भाईर यायला वाटच ऱ्हायली न्हाई."